देवांची लग्नं : तुमच्याकडे कोणत्या देवाचं लग्न लागतं, आणि कुणाशी?

तरंगिणी (मुलुंड)

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. पाहुणे आले की घारापुरी ठरलेलीच, गेटवेवरून लाँच, मग त्या पायऱ्या, आणि वर पोचलं की सगळे थेट त्रिमूर्तीसमोर. यावेळी मी पाहुण्यांना तिथे सोडलं आणि लिंगाच्या गाभाऱ्याजवळच्या कल्याणसुंदर शिल्पापुढे निवांत उभी राहिले. शंकर-पार्वतीचं लग्न. सहाव्या शतकातलं काम, मूर्तींचे खालचे भाग बरेचसे फुटलेत, तरी काय चाललंय ते लगेच कळतं. पार्वती मान किंचित खाली घालून उभी आहे, मागून हिमवान तिला हलकेच पुढे करतोय, एका बाजूला चंद्र कलश घेऊन आलाय (डोक्यामागे कोर आहे त्यावरून ओळखायचा), आणि शंकराच्या पलीकडे खाली ब्रह्मदेव बसलेत, कारण या लग्नाचे भटजी तेच. आणि मुख्य म्हणजे पार्वती शंकराच्या उजव्या हाताला आहे. एरवी देवी डावीकडे असते ना, इथे उजवीकडे, म्हणजे लग्न अजून पुरतं लागलेलं नाहीये, लागलं की ती डावीकडे येणार. त्या शिल्पकाराने बरोबर पाणिग्रहणाचा क्षण पकडलाय. त्याच लेण्यात पूर्वेकडच्या दाराशी कैलासावर सारीपाट मांडलाय आणि पार्वती तोंड फिरवून बसलीय, आणि त्रिमूर्तीच्या बाजूला अर्धनारीश्वर. लग्न, भांडण आणि एक शरीर, अख्खा संसार एका छताखाली कोरलाय.

तेव्हापासून मला असं ठामपणे वाटायला लागलंय की आपल्याकडे देवाचं लग्न ही पुराणात एकदा घडून संपलेली गोष्ट नाहीच. ते दरवर्षी लावतात, आणि ज्या गावात लागतं त्या गावाच्या नात्यागोत्यांनी, मानपानांनी लागतं, म्हणून तर एकाच देवाची बायको, सासर, भांडण सगळं जिल्ह्यागणिक बदलतं. तुमच्या गावी, तुमच्या घरात कोणत्या देवाचं लग्न लागतं ते लिहा. नुसती यादी नको, कोण हळद लावतं, कोण वऱ्हाडी असतं, ते सांगा.


माणदेशी_गडी

ताई, चांगला धागा काढला. आमच्याकडं शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाचं लग्न लागतं, चैत्रात. पंचमीला हळद लागते देवाला, आणि अष्टमीला मध्यरात्री लग्न. अष्टमीचं बघण्यासारखं म्हणजे ते पागोटं. लांबच्या लांब पांढरी पट्टी विणलेली असते, ती शंभू महादेवाच्या शिखरापासून पलीकडच्या बळीच्या, म्हणजे अमृतेश्वराच्या देवळाच्या कळसापर्यंत बांधतात, खाली अख्खा डोंगर माणसांनी भरलेला, ढोल चालू, आणि वर ती पट्टी हातोहात सरकत जाते, कुठं सैल पडली की खालून लोक आरोळी मारतात. दोन देवळांची अशी गाठ बांधली की मग रात्री लग्न. पागोटी आणि ध्वज घेऊन मराठवाड्याकडची मंडळी येतात, ती वऱ्हाडी म्हणूनच येतात, नुसती दर्शनाला नाही.

मग द्वादशीला कावडी. मुंगी घाटातून कावड वर चढवायची म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळत नाही, रस्ता नाही, नुसता खडा कडा, एकमेकांच्या हाताचा आधार करून माणसांची साखळी करतात आणि कावड वरच्या वर झेलत नेतात, तोंडानं "म्हाद्या धाव, म्हाद्या धाव". सासवडची तेल्या भुत्याची कावड शेवटाला चढते, तिचा मान मोठा. लग्न झालेल्या देवाला न्हाऊ घालायला पाणी आणलेलं असतं त्यात.

मी मस्जिद बंदरला माथाडीत आहे. आमच्यातले कितीतरी जण चैत्रात रजा टाकतातच, मुकादमालाही माहीत असतं, तो विचारत नाही. आणि म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचं लग्न वेगळंच, ते तुळशीच्या लग्नाच्या दिवशी लागतं आणि मार्गशीर्षाच्या पाडव्याला नवरा-नवरीचा रथ निघतो. म्हणजे एकाच तालुक्यात एक देव चैत्रात बोहल्यावर चढतो, एक कार्तिकात. तुम्ही नात्यागोत्याचं लिहिलं ते अगदी खरं हाय.


चेंबूर_वहिनी

मी लिहू का कार्तिकस्वामींचं? माझं माहेर सातारचं, तिथे कार्तिकस्वामी म्हणजे कडक ब्रह्मचारी, बायकांनी दर्शन घ्यायचं नाही, फक्त कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेव्हा मुभा. आजी तर नावही जपून घ्यायची. लग्न होऊन चेंबूरला आले, शेजारी तमिळ मामी, आणि एक दिवस त्यांनी मला छेडानगरच्या मुरुगन मंदिरात नेलं. गाभाऱ्यात जायच्या आधी मी थबकले, म्हटलं मामी मला चालेल का, तर त्यांना प्रश्नच कळेना. त्यांचा मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामीच, आणि त्याला एक सोडून दोन बायका! देवसेना ही इंद्राची मुलगी, ते लग्न रीतसर ठरवून झालेलं, मदुराईजवळ तिरुप्परंकुंड्रमला. आणि वल्ली ही डोंगरातल्या पारध्यांची पोर, शेतात पाखरं हाकलणारी. तिच्यासाठी हा म्हातारा होऊन गेला, ती दाद देईना, तेव्हा थोरल्या भावाला हाक मारली आणि गणपती हत्ती होऊन झाडीतून आला, वल्ली घाबरून म्हाताऱ्याला बिलगली आणि लग्न जमलं.

मामींनी मला दोघींबद्दल जे सांगितलं ते अजून डोक्यात आहे. देवसेना स्वर्गाची, वल्ली मातीची, देवाला दोन्ही घरं लागतात. वल्ली ही तिथल्या डोंगरच्या लोकांची लेक म्हणून तो देव त्यांचा जावई झाला, आणि जावई म्हटला की हक्काचा. तरंगिणीताई, तुमच्या मुद्द्याला याच्याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.


गिरगावकरीण

वहिनी, आपल्याकडचा कार्तिकस्वामी ब्रह्मचारी राहिला तो रागाने, आणि त्या रागाचं कारण म्हणजे गणपतीचं लग्न. शिवपुराणात आहे ते. दोघांत पैज, जो पृथ्वीप्रदक्षिणा आधी करेल त्याचं लग्न आधी. कार्तिकेय निघाला, गणपतीने आईवडलांना फेरी घातली आणि जिंकला, विश्वरूप प्रजापतीच्या सिद्धी आणि बुद्धी या मुलींशी त्याचं लग्न लागलं, क्षेम आणि लाभ अशी मुलंही झाली, आणि कार्तिकेय परत येऊन बघतो तर हे सगळं उरकलेलं. तो उठला तो क्रौंच पर्वतावर निघून गेला आणि लग्नच करणार नाही म्हणाला. दक्षिणेत हीच पैज फळावरून लागते आणि तो रुसून पळणीला जाऊन बसतो, पण पुढे लग्नंही करतो. आणि तिकडे बऱ्याच ठिकाणी गणपतीच ब्रह्मचारी. म्हणजे भावाभावांनी भूमिका अदलाबदल केल्यात.

आपल्या प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दोन बाजूंना ऋद्धी आणि सिद्धी आहेत, गर्दीत लक्ष जात नाही, पुढच्या वेळी बघा.


खंडेरायाचा_पाईक

देवाच्या लग्नाचा धागा आणि खंडोबा अजून आला नाही? येळकोट येळकोट जय मल्हार.

आमचं कुलदैवत जेजुरी, पण लग्न लागतं ते पालीला, कराडच्या बाजूला, पौषात, तारळी नदीच्या काठावर, गोरज मुहूर्तावर. भंडारा आणि खोबरं इतकं उधळतात की नदी, माणसं, शेतं सगळं पिवळं. नवरी म्हाळसा, नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक, लिंगायत. ही थोरली, मानाची, घरंदाज.

आणि मग बाणाई, धनगराची. देव सारीपाटात म्हाळसेकडून हरला आणि बारा वर्षं घर सोडून गेला, तिकडे चंदनपुरीला धनगराकडे चाकरीला राहिला. कोण? तर मणी-मल्ल दैत्यांना मारणारा मार्तंड भैरव! मेंढ्या राखतोय, वाडा झाडतोय, धनगराची बोलणी खातोय. मेंढ्या धुवायला सांगितल्या तर धुता धुता आपटून मारल्या सगळ्या, आणि बाणू देत असाल तर उठवतो म्हणाला, आणि भंडारा टाकून उठवल्या. मग तिला घेऊन जेजुरीला आला. जागरणात हा भाग आला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी झोपलेली पोरं उठून बसतात, कारण आता सवती-सवतींची जुंपणार असते. म्हाळसा म्हणते ही मेंढरांच्या वासाची घरात नको, बाणाईही गप्प बसणारी नाही, आणि मधे देव दोघींची समजूत काढतोय. जेजुरीला गेलात तर बघा, म्हाळसा वर गडावर देवाशेजारी आणि बाणाईचं देऊळ निम्म्या वाटेवर. भांडणाचा निकाल असा दगडात लावून ठेवलाय, दोघींनाही देव मिळाला पण एका छताखाली नाही.

शिवाय आणखी तिघी सांगतात, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चंदाई तेलीण. आता मोजा, वाणी, धनगर, शिंपी, माळी, तेली. गावगाड्यातल्या इतक्या जातींना देव सोयरा झाला. माणसांनी एकमेकांत सोयरीक केली नाही पण देवाने सगळ्यांच्यात केली. जर्मनीचे अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांत राहून त्यांच्या ओव्या गोळा केल्या, त्यांचं काम जरूर वाचा. माझं मत, खंडोबाची लग्नं समजली की महाराष्ट्र निम्मा समजला.


प्रश्नचिन्ह

धागा आवडला, मनापासून वाचतेय. पण एक गोष्ट कुणीतरी बोललीच पाहिजे. खंडोबाच्या पाच बायका आपण कौतुकाने सांगतो, पण त्याच देवाशी खऱ्याखुऱ्या मुलींचीही लग्नं लावली गेली. नवसापोटी लहान मुलगी देवाला सोडायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, भंडारा लावायचा, आणि ती मुरळी झाली की माणसाशी लग्न तिला बंद. पुढे तिच्या वाट्याला काय यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. यल्लम्माच्या नावानेही तेच. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा कुठे अशा मुलींचं माणसाशी लग्न कायदेशीर ठरलं आणि देवाला वाहणं गुन्हा, आणि त्यानंतरही हे कितीतरी वर्षं चोरून चालू राहिलं.

दुसरं, तुळशीचं लग्न. दरवर्षी बिल्डिंगखाली हौसेने लावतो, पण वृंदेची गोष्ट काय आहे? जालंधर मरावा म्हणून विष्णू तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन तिच्याकडे गेला. फसवणूक आहे ती. आणि जिला फसवलं तिचंच लग्न आपण तिला फसवणाऱ्याशी लावतो. मला लहानपणापासून हे टोचतं, मंगलाष्टकं म्हणताना घशात अडकतं.


गिरगावकरीण

प्रश्नचिन्ह, तुमचा पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, त्यात दुसरी बाजू नाहीच. दुसऱ्याबद्दल थोडं लिहिते.

त्याच कथेत वृंदा विष्णूला शाप देते, आणि तो शाप लागतो! तू दगड होशील. विष्णू दगड झाला, गंडकी नदीत सापडतो तो शाळिग्राम तोच. जगाचा पालनकर्ता एका बाईच्या शापाने दगड झाला आणि तो शाप त्याने निमूट घेतला, शिवाय तिच्यावाचून माझी पूजा पुरी होणार नाही हेही कबूल केलं. तुळशीच्या पानाशिवाय विष्णूला नैवेद्य नाही, तो कितीही छप्पन्न भोगांचा असो. कथेने अपराध लपवलेला नाहीये, नाव घेऊन सांगितलाय. माझ्या आईचं म्हणणं असायचं की हे लग्न तुळशीसाठी नाही, देवाने दरवर्षी येऊन उभं राहायचं त्याच्यासाठी आहे.

आमच्या चाळीत गॅलरीतल्या वृंदावनाला गेरू लावायचा, बाजूला ऊस बांधायचा, मुळाशी चिंचा आवळे, आणि समोर पाटावर बाळकृष्ण. अंतरपाट धरायला दोन मुलं, आणि कन्यादानाला मुद्दाम ज्या जोडप्याला मुलगी नाही त्यांना बसवायचे. आमच्या मजल्यावरचे एक काका-काकू, त्यांना मूलच नव्हतं, ते दरवर्षी बसायचे आणि काकू तुळशीला स्वतःच्या हाताने शिवलेली ओढणी घालायच्या, काठाला जर लावलेली, बोटभर लांबीची. अक्षता पडल्या की काकूंच्या डोळ्यांत पाणी. त्यांच्यासाठी ते नाटक नव्हतं हो, ते त्यांच्या मुलीचं लग्न होतं.


खंडेरायाचा_पाईक

प्रश्नचिन्ह ताई, मुरळ्यांचं लिहिलंत ते बरोबरच आहे आणि या धाग्यात ते यायलाच हवं होतं. देवाचं लग्न देवीशी, ते आपण सगळे मिळून लावू. माणसाच्या लेकराचं लावायचा हक्क कुणालाच नाही, नवस कितीही मोठा असू दे. आता आमच्याकडे जागरणाला येतात त्या मुरळ्या कलाकार म्हणून येतात, गातात, बिदागी घेतात, स्वतःच्या घरी संसाराला जातात, आणि तसंच असायला पाहिजे.


अनुष्टुभ (ठाणे)

मी पौरोहित्य करते, लग्नं लावते, तेव्हा माझ्या बाजूने थोडं. देवाच्या लग्नाचं सगळ्यात जुनं वर्णन हवं असेल तर पुराणांच्याही मागे जा, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ८५ वं सूक्त, ४७ ऋचा, सूर्यासूक्त. सविता देवाची मुलगी सूर्या, तिचं लग्न सोमाशी. अश्विनीकुमार तीन चाकांच्या रथातून तिच्या लग्नाला येतात. आणि नवरीची पाठवणी कशी, तर मन हाच तिचा रथ, आकाश हे त्या रथाचं छत, विचार ही उशी आणि दृष्टी हे डोळ्यातलं काजळ. इतकं सुंदर नवरीचं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि परंपरेने या सूक्ताची द्रष्टी म्हणून नाव आहे ते सूर्या सावित्रीचंच. म्हणजे स्वतःच्या लग्नाचं सूक्त नवरीचं स्वतःचं.

यातलं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय बरं का, फक्त कुठून आलं ते माहीत नसतं. हॉलमध्ये लाऊडस्पीकर चालू, फोटोग्राफर इकडे बघा म्हणतोय, आणि मी म्हणते "गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्", सौभाग्यासाठी मी तुझा हात धरतो, तू माझ्याबरोबर म्हातारी हो. तो मंत्र याच सूक्तातला. सासरी सम्राज्ञी हो हा आशीर्वादही यातलाच. दादरच्या हॉलमध्ये लागणाऱ्या प्रत्येक लग्नात थोडंसं सूर्येचं लग्न लागत असतं. मी अर्थ मराठीतून सांगते तेव्हा कधी कधी नवरा मुलगा एकदम गंभीर होतो, हात नीट धरतो. मला तेवढं पुरतं.


मिथकवेडा

अनुष्टुभ ताई, मस्त पोस्ट. मी जरा बाहेरचं आणतो. सुमेरमध्ये, आजच्या इराकच्या दक्षिणेला, इनान्ना देवीच्या लग्नाची काव्यं सापडलीत मातीच्या पाट्यांवर, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. तिला दोन स्थळं, एक शेतकरी एन्किम्दू, एक मेंढपाळ दुमुझी. तिचा भाऊ उतू, सूर्यदेव, म्हणतो मेंढपाळाशी कर, ती म्हणते नाही, मला शेतकरीच हवा. मग दुमुझी येऊन वाद घालतो, त्याने एक दिलं तर मी दुसरं देईन, त्याने बिअर दिली तर मी दूध देईन, माझ्यात कमी काय? आणि शेवटी दुमुझीशीच लग्न होतं. पाईक दादांची पोस्ट वाचताना मला एकदम हेच आठवलं, वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई. गावात राहणारे आणि मेंढरं घेऊन फिरणारे यांच्यात देवाचा सोयरा कोण हा झगडा तिथेही आणि इथेही. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही, शेती आणि मेंढ्या जिथे शेजारी राहतात तिथे अशी गोष्ट आपसूक उगवत असावी.

पुढे मात्र दुमुझीला पाताळात जावं लागतं, अर्धं वर्ष तो आणि अर्धं वर्ष त्याची बहीण गेश्तिनान्ना. ग्रीकांत पर्सेफनीचं तसंच, पाताळाचा राजा हेडीस तिला उचलून नेतो, बाप झ्यूसची संमती, आई डिमीटरला पत्ताच नाही. आई इतकी रागावते की पृथ्वीवर पीकच येऊ देत नाही, शेवटी मुलगी परत मिळते पण तिने तिकडे डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो म्हणून वर्षाचा काही भाग सासरी आणि बाकी आईकडे.


तरंगिणी (मुलुंड)

मिथकवेडा, पर्सेफनीचं वाचून चैत्रगौर आठवली. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते, झोपाळ्यात बसते, महिनाभर हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, आणि अक्षय्य तृतीयेला परत सासरी. पुन्हा भाद्रपदात येते ती लेकाच्या मागोमाग. सासर-माहेरच्या फेऱ्या देवीलाही आहेत, पण आपल्याकडे आईने पीक रोखून धरलं नाही, आईने पुरणपोळ्या केल्या. कोकणातल्या कितीतरी घरांत तर तिखटाचा नैवेद्य, कारण माहेरवाशिणीला जे आवडतं ते.

आणि आई-बाप मुलीला न विचारता स्थळ ठरवतात त्याचं उत्तर हरतालिकेच्या कथेत आहे. नारदाने विष्णूचं स्थळ आणलं, हिमवानाने हो म्हटलं, आणि पार्वती मैत्रिणीपाशी रडली की मी मनाने शंकराला वरलंय. मैत्रिणीने काय केलं, तिला घेऊन थेट रानात निघून गेली! नदीकाठी वाळूचं लिंग केलं, उपास, जागरण, आणि शेवटी बाप शोधत आला तेव्हा कबूल झाला. म्हणजे विष्णूसारखं स्थळ नाकारणारी मुलगी आणि तिला पळवून नेणारी मैत्रीण. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईभर बायका ज्या वाळूच्या पिंडीपुढे बसतात, तिथे पार्वतीशेजारी ती सखीही असते, दोघींची पूजा होते. मला या कथेत सगळ्यात जास्त ती सखी आवडते, तिचं नाव फार कुणी घेत नाही. मी माझ्या मुलीला ही कथा अशीच सांगते.


करवीरकर

तिरुपतीचं कुणी लिहिलं नाही अजून. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रागावून कोल्हापूरला आली, मागे विष्णू वेंकटाचलावर श्रीनिवास होऊन राहिला, आकाशराजाच्या पद्मावतीशी लग्न ठरलं आणि खर्चाला कुबेराकडून कर्ज काढलं. लक्ष्मीच घरात नाही तर पैसा कुठला! ते कर्ज भक्तांच्या हुंडीतून अजून फिटतंय म्हणतात. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो तो या नात्याने.

पण कोल्हापूरकर म्हणून एवढं सांगतो, अंबाबाई ही कुणाची रुसून आलेली बायको नाही. मूर्तीमागे सिंह आहे, ती आदिशक्ती. शालू येतो तो आदराने घेतो, कथा त्यांची त्यांच्याकडे.


चेंबूर_वहिनी

शालूवरून आठवलं, मामी मदुराईच्या. तिथे मीनाक्षी-सुंदरेश्वराचं लग्न चित्तिरै महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखाकडे. आणि तिथला क्रम बघा, आधी मीनाक्षीचा राज्याभिषेक होतो, ती पांड्य राजाची एकुलती लेक, राज्य तिचं, मग ती दिग्विजयाला निघते, सगळ्यांना हरवत कैलासापर्यंत जाते, समोर शंकर आला की लढाई थांबते आणि मग लग्न. नवरा तिच्या गावी नांदायला येतो! तिथे आधी तिचं दर्शन घेतात, मग त्याचं.

विष्णू हा तिचा भाऊ. भाऊ अळगर डोंगरावरून निघतो, वाटेत जागोजागी लोक थांबवतात, वैगै नदीपाशी पोचतो तर कळतं लग्न लागून गेलं, आणि तो नदीतूनच परत फिरतो. त्याने नदीत उतरताना हिरवं रेशीम नेसलेलं असलं तर वर्ष पिकाचं चांगलं. मीनाक्षीला मंगळसूत्र बांधलं की त्याच वेळी तिथल्या बायका आपापल्या ताळीचा दोरा बदलतात. मामी चेंबूरला टीव्हीवर ते लग्न बघतात आणि त्याच मिनिटाला स्वतःचा दोरा बदलतात, मलाही हळदीचा दोरा देतात. माझ्या मंगळसूत्राला तो बांधलेला असतो.


मिथकवेडा

एक प्रश्न विचारतो. सगळीकडे जोडी शेजारी असते, मग पंढरपूरला विठ्ठल एकटा आणि रुक्मिणी वेगळ्या देवळात का?


लालबागचा_वारकरी

माउली, ती रुसली आहे म्हणून. द्वारकेत राधा आली आणि देवाच्या मांडीवर बसली, रुक्मिणीमातेने बघितलं, देवाने राधेला उठवलंही नाही. आई तडक निघाली ती दिंडीरवनात येऊन बसली. देव शोधायला मागोमाग. वाटेत पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता, त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला, आणि देव थांबला तो थांबलाच. म्हणजे बायकोची समजूत काढायला आला म्हणून आम्हाला विठ्ठल मिळाला. आई रुसली नसती तर पंढरपूर नसतं, वारी नसती. आधी विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायचं आणि मग मागे रुक्मिणीमातेकडे जायचं, आणि खरं सांगतो, तिच्यापुढे जास्त वेळ थांबावंसं वाटतं.

पण लग्न लागतं हं. वसंत पंचमीला. देवाला पांढरा पोशाख, नवरदेवाचा थाट, दोन्हीकडच्या वऱ्हाडी मंडळींनी अक्षता टाकायच्या, मंगलाष्टकं, जेवणावळ सगळं रीतसर. तिथून रंगपंचमीपर्यंत देव पांढऱ्या पोशाखात आणि अंगावर रंग.


विदर्भकन्या

माहेर आमचं! वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर, अमरावती जिल्हा, रुक्मिणीचं माहेर ते. भाऊ रुक्मीने शिशुपालाशी ठरवलं होतं तेव्हा तिने स्वतः कृष्णाला पत्र धाडलं, भागवतात आहे, सात श्लोकांचं, आणि त्यात नुसतं ये म्हटलेलं नाही, बेत लिहून दिलाय. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला मी नगराबाहेर येणार, तिथून ने, म्हणजे माझ्या नातेवाईकांना मारावं लागणार नाही. किती शहाणी मुलगी! आमच्याकडे लग्न जमत नसलेल्या मुली एकनाथ महाराजांचं रुक्मिणी स्वयंवर वाचतात, माझ्या मावशीने वाचलं, मी वाचलं. आता बोरिवलीत राहते पण आषाढीला कौंडण्यपूरहून जी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते तिची वाट बघते, राज्यातल्या फार जुन्या पालख्यांपैकी आहे ती. लेकीला माहेरची माणसं भेटायला जातात, पायी, विदर्भातून थेट पंढरपूर. लालबागच्या दादांना विनंती, वारीत भेटली तर आमच्या पालखीला माझा नमस्कार सांगा.